एका मात्रेची जागा

१

रविवारी चर्च सुटलं की आमच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या गोल मांडायच्या, हा आमचा फार जुना शिरस्ता. एक आर्विलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तो फिडल, आमच्याकडचं व्हायोलिन, वाजवणारा. एक माझी, गिटारची. तिसरी होबर्टची. तो जन्मभर खाणीत राबला आणि आता बँजो आणि जीभ दोन्ही सारख्याच वेगानं चालवतो. चौथी गार्नेटची. ती पोस्टात नोकरी करायची, मँडोलिन वाजवते, आणि आख्ख्या खोऱ्यात तिच्यासारखा कान कुणाचा नाही. मी शाळेची बस चालवायचे, त्यामुळे माझा ठेका पक्का आहे असं होबर्ट म्हणतो. याचा त्याचा काय संबंध ते त्यालाच ठाऊक.

वाजवायला बसण्याआधी दर रविवारी कुणीतरी एक आपल्या आवडीची टेप आणायची. कॉफी ओतायची, टेप लावायची, आणि ती संपेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मग ती चाल शिकायची. कागदावरून इथं कुणी शिकत नाही. कानानं शिकायचं, आणि जसं ऐकलं तसंच. टेपवरचा म्हातारा जिथं अडखळला, तिथं आपणही अडखळायचं. होबर्ट एका चालीच्या मध्येच शिंकतो, कारण ज्या टेपवरून तो ती शिकला तिच्यात कुणीतरी नेमकं तिथंच शिंकलंय. हसू नका. चूक दुरुस्त केली तर ती त्या माणसाची चाल राहत नाही, असं आम्ही मानतो.

त्या वर्षी थंडीत आर्विलला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचा डावा हात लुळा पडला. फिडलच्या तारांवर बोटं चालतात ती याच हाताची. शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दाबायला एक रबरी चेंडू दिला आणि धीर धरायला सांगितलं. आर्विल दर रविवारी धुतलेला शर्ट घालून आपल्या खुर्चीत बसायचा, फिडल मांडीवर ठेवायचा आणि आम्ही वाजवायचो ते ऐकायचा. मला त्याच्याकडे बघवायचं नाही. मला त्याचा हात परत हवा होता. आयुष्याकडे दुसरं काही मागायचं माझ्या मनातही उरलं नव्हतं.

२

ती टेप होबर्टनं आणली. चर्चच्या जुन्या सामानाच्या टेबलावर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांच्या खोक्यात पडली होती म्हणाला. वर नाव नाही, गाव नाही.

लावली. आमच्यासारखंच कुठलं तरी स्वयंपाकघर होतं. फिडल, मागं बँजो, आणि लाकडी जमिनीवर ठेका धरणारे पाय. चाल साधी होती, खालच्या सुरांचा भाग दोनदा, वरच्या सुरांचा भाग दोनदा. पण वरच्या भागात एका जागी फिडलचा गज थांबायचा. एकच मात्रा. त्या रिकाम्या मात्रेत जमिनीवर काहीतरी खरखरायचं, आणि चाल पुढं चालू. प्रत्येक फेरीला हेच. शेवटी टेपच संपली, चाल मध्येच तुटली.

"खुर्ची सरकतेय ती," गार्नेट म्हणाली. "कुणीतरी आलंय. जागा करून देतायत."

आमच्याकडे तशी रीत आहे. वाजवणं चालू असताना कुणी दारातून आत आलं तर कुणी थांबत नाही. बसल्या बसल्या खुर्च्या बाजूला घ्यायच्या, येणारा त्या फटीत आपली खुर्ची घालतो आणि वाजवायला लागतो.

"प्रत्येक फेरीला एक नवा?" होबर्ट म्हणाला. "मग ते स्वयंपाकघर आहे का बसचा थांबा?"

"एखाद्या खुर्चीचा पाय ढिला असेल," मी म्हणाले. "वाजवणारा त्या जागी जोर लावत असेल."

"असेल," गार्नेट म्हणाली, पण तिनं कॉफीचा कप तोंडाला लावला नाही.

होबर्टनं टेप पुन्हा लावली, आणि मी आर्विलकडे बघितलं. त्यानं मांडीवरची फिडल छातीशी धरली होती. तारेवर त्याच्या डाव्या हाताची पहिली दोन बोटं उठत होती आणि पडत होती. थांबत होती तीही बरोबर त्या एका मात्रेला.

मी रडले. सगळ्यांसमोर रडले, आणि मला लाजही वाटली नाही.

३

त्यानंतर आम्ही दुसरी टेप लावलीच नाही. आर्विल ती टेप रोज दुपारी लावायचा आणि तिच्या बरोबरीनं वाजवायचा. आधी दोन बोटं, मग तीन. दुसरी कुठलीही चाल काढ म्हटलं की हात ओल्या फडक्यासारखा खाली पडायचा. जेवणाचा काटा धरता यायचा नाही, शर्टाचं बटण लावता यायचं नाही. ही एक चाल मात्र यायची. मी म्हटलं, वाट कुठूनही फुटो, फुटली म्हणजे झालं.

रविवारी आम्हीही तीच वाजवू लागलो. टेप लावायची, तिच्यात आपले सूर मिसळायचे, ठेका जमला की मी हात लांब करून टेप बंद करायची आणि आम्ही पुढं चालू ठेवायचो. ती रिकामी मात्रा आली की चौघंही थांबायचो. पहिल्यांदा होबर्टनं त्या मात्रेला गंमत म्हणून खुर्ची खरखरवली. आम्ही हसलो. पुढच्या रविवारी गार्नेटनंही सरकवली, न हसता. मग मीही. आम्ही जसं ऐकतो तसं शिकतो, त्यात नवल ते काय?

नवल एवढंच होतं की वाजवून झालं की आर्विलच्या डाव्या बाजूला एक फट पडलेली असायची. बरोबर एका खुर्चीची. मी उठून खुर्च्या परत जवळ घ्यायचे. दुसऱ्यांदा चाल झाली की फट पुन्हा तिथंच. आपणच सरकवतो म्हटल्यावर फट पडणारच, हे मला कळत होतं. सगळेच आर्विलपासून लांब का सरकत होतो, ते कळत नव्हतं.

एका सोमवारी जमीन पुसताना त्या फटीच्या जागी लिनोलियमच्या आच्छादनात चार खळगे दिसले. जड माणूस बराच वेळ एका जागी बसला की खुर्चीच्या पायांचे पडतात तसे. मी स्वतःला सांगितलं की पूर्वी तिथं टेबल असेल. मग सांगितलं की कपाट असेल. त्या स्वयंपाकघरात मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिथं कधीच काही नव्हतं. मी त्या जागी फडकं दोनदा फिरवलं आणि बादली उचलून बाहेर गेले.

४

आमच्यात चाल संपवायची एक खूण आहे. ज्यानं चाल सुरू केली त्यानं शेवटच्या फेरीला एक पाय पुढं उचलून धरायचा. तो वर गेलेला जोडा दिसला की सगळ्यांनी ती फेरी पूर्ण करून एकदम थांबायचं. दुसऱ्यानं पाय उचलायचा नाही. ते म्हणजे परक्याच्या घरात शिरून चूल विझवल्यासारखं.

एरवी कुणीतरी दमून हात काढला की ही चाल मध्येच तुटायची. त्या रविवारी ती संपेचना. आम्ही तिघं आर्विलच्या जोड्यांकडे बघत होतो. तो डोळे मिटून वाजवत होता आणि त्याच्या दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. खिडकीतलं ऊन ओट्यावरून सरकून दारापर्यंत गेलं. गार्नेटच्या कपाळावरून घाम ओघळत होता. थांबायचं तर कुणीही हात काढून घेऊ शकत होतं, पण मला तरी ते जमलं नाही. शेवटी होबर्टची तार तुटली आणि सगळे थांबलो.

होबर्टनं बोटं तोंडात घातली. "काय रे आर्विल, पाय जमिनीला चिकटलाय का?"

"मी कशाला उचलू?" आर्विल शांतपणे म्हणाला. "चाल मी कुठं सुरू केली?"

"मग काय माझ्या सासूनं केली?"

"टेपवर आहे त्यानं केली. आपण नंतर येतो."

होबर्ट हसला, पण उगाचच. कारण आर्विल बरोबर बोलत होता. दर वेळी सुरुवात टेप करायची, आम्ही तिच्यात शिरायचो. आणि टेपवर शेवट नव्हताच. शेवट नसलेली चाल आम्ही जशीच्या तशी शिकलो होतो.

गार्नेटला सोडायला मी गाडीपर्यंत गेले. तिनं मँडोलिन मागच्या सीटवर ठेवली आणि गाडीत न बसता तशीच उभी राहिली.

"डेल्फी, ती टेप फेकून दे."

"त्याचा हात परत येतोय, गार्नेट."

"त्याची करंगळी बघितलीस?"

मी बघितली होती. आर्विलच्या डाव्या करंगळीवर तरुणपणीच करवत फिरली होती. ती कधी वाकायची नाही. आयुष्यभर तो तीन बोटांवर वाजवत आला. आज वरच्या भागात ती करंगळी लांब होऊन अगदी अचूक जागी पडत होती.

"व्यायामानं सुटली असेल," मी म्हणाले.

"बाई गं, जखडलेलं हाड चेंडू दाबून सुटत नाही. हात आलाय खरा. कुणाचा आलाय ते बघ." तिनं माझा गाल थोपटला. "मी नाही यायची आता. रागावू नकोस."

मी रागावले. आपल्या माणसाचं बरं होतंय ते हिला बघवत नाही, असं म्हणत मी घरात आले आणि दार आपटलं.

५

तरी मी टेप लपवली. पिठाच्या डब्याच्या मागं, जिथं आर्विल कधी हात घालत नाही.

एक दिवस त्यानं आपलं आपण वाजवायचा प्रयत्न केला, गज तारेवर नुसताच ओरडला. दुसऱ्या दिवशी घेवड्याच्या दाण्यांची वाटी त्याच्या हातातून पडली. तो खाली वाकून उजव्या हातानं एकेक दाणा गोळा करत बसला. "राहू दे," म्हटलं, तरी गोळा करत राहिला. त्यानंतर तो मागच्या ओसरीवर गेला आणि डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक करून उघडू लागला. डोळ्यांतून पाणी चाललेलं.

गार्नेटला हे बघायला लागत नव्हतं. ते मलाच बघावं लागत होतं. आणि माझी तयारी काय होती? करंगळी वाकते म्हणून मी नवऱ्याचा हात पुन्हा मारून टाकायचा?

मी पिठाचा डबा बाजूला केला आणि टेप त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली.

"तुला जड जातंय, मला कळतं," आर्विल म्हणाला.

"मला काही जड जात नाही. वाजव."

"त्याला फक्त बसायचंय, डेल्फी. बाकी काही नाही."

"कुणाला?"

त्यानं टेप मशीनमध्ये घातली. 'त्याला' हा शब्द मी ऐकलाच नाही असं ठरवून मी मक्याचा पाव बघायला गेले.

६

पुढच्या रविवारी होबर्ट एकटाच आला. मी तीनच खुर्च्या मांडल्या, अगदी जवळ जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशा. फट पडूच द्यायची नाही असं मी ठरवलं होतं.

"काय गं, आज प्रेमात आलीस का माझ्या?" होबर्ट म्हणाला. त्याचं तोंड सुकलेलं होतं. तो का आला होता ते मला माहीत आहे. आर्विलनं त्याला एकदा खाणीतल्या ढासळलेल्या बोगद्यातून पाय धरून बाहेर ओढलं होतं. अशा माणसानं घरी ये म्हटल्यावर होबर्ट नाही म्हणत नाही.

टेप लावली. आम्ही आत शिरलो. मी टेप बंद केली. पहिल्या रिकाम्या मात्रेला मी पाय घट्ट रोवून बसले. खुर्ची सरकवली नाही. होबर्टनंही नाही. तरी खरखर झाली.

फेऱ्या चालत राहिल्या. लख्ख दुपार होती. पडदा हलत होता, शेगडीवर कॉफीचं भांडं होतं, भिंतीवर बियाण्यांच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर होतं. सगळं जागच्या जागी. मी नजर खाली, पायांवर ठेवली. होबर्टचे बूट. माझे चर्चचे काळे जोडे. आर्विलच्या टाचा. त्याच्या पलीकडे, आता रुंद झालेल्या त्या जागेत, उन्हाची चौकट पडली होती.

त्या चौकटीत एका जोड्याचा तळवा जमिनीवरून वर आला.

एका कडेला झिजलेला होता. खाचेत ओला चिखल होता, आणि बाहेर तर कितीतरी दिवस पाऊस नव्हता. तो वर आला आणि उचललेला तसाच राहिला. मी त्याच्या वर नजर नेली नाही. खरं सांगते, न्यायचीच नव्हती.

तुम्ही म्हणाल की मग तिथंच थांबायचं. अहो, लहानपणापासून मुरलेली गोष्ट आहे ती. जोडा उचललेला दिसला की हात ती फेरी पूर्ण करतातच. मी खालचा भाग वाजवला, वरचा वाजवला. आम्हा तिघांपैकी कुणीही न ऐकलेला शेवट तिघांनी एकदम, एकही सूर न चुकवता वाजवला. या स्वयंपाकघरात कुठलीच चाल इतकी सुरेख संपली नव्हती.

कॉफी उकळत होती. होबर्टनं बँजो पेटीत न घालता तशीच काखेत मारली आणि दाराकडे गेला.

"येतो मी," तो माझ्याकडे बघून म्हणाला.

"ये पुन्हा," आर्विलच्या खुर्चीतून उत्तर आलं.

होबर्टनं तिकडे वळून बघितलं नाही. तो ओसरीच्या पायऱ्या न वापरता सरळ अंगणात उतरला. पेटी अजून आमच्याकडेच पडली आहे.

७

हात बरा झाला. पूर्ण बरा. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. डॉक्टरीणबाईंनी त्याला मुठी आवळायला लावल्या, पेन्सिल धरायला लावली, आणि शेवटी चेंडू परत मागून घेतला. चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना झाली. शेजारणींनी सफरचंदाचे केक आणले. तो पावाला लोणी लावतो, बटणं लावतो, लाकडं फोडतो. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलत नाही. टेबलावरून उठताना माझी ताटली आपण होऊन उचलतो. आर्विलनं ती कधी उचलली नव्हती.

मी स्वतःची समजूत घालत राहिले. आजारपणानं माणूस बदलतो, माझा काका नाही का बदलला. मरणाच्या दारातून आलेला माणूस मऊ होतो. असं किती दिवस म्हणणार? मला माझा नवरा हवा होता, आणि तो समोर बसून जेवत असताना मला त्याची आठवण येत होती.

एकदा दुपारी मी वाटाणे सोलत होते आणि तो फिडल जुळवत होता. मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ती वाजव ना. माझ्या वडिलांच्या ओसरीवर वाजवायचास ती. मला बाहेर बोलवायला."

तो थांबला. त्यानं विचार केला, अगदी प्रामाणिकपणे केला. मग मान हलवली.

"ती मला येत नाही," तो म्हणाला. "टेप आहे का तुझ्याकडे?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. उठून पळून जावं असं वाटलं. गार्नेटकडे, बहिणीकडे, कुठंही. पण टेप होती माझ्याकडे. ओट्याच्या वरची आख्खी फळी भरून आर्विल आहे. याच स्वयंपाकघरात, याच मशीनवर टेप केलेला, वर्षानुवर्षांच्या रविवारांचा. माझ्या सगळ्यात आवडीच्या टेपा त्याच. मी कधी कुणाला दिल्या नव्हत्या.

मी एक काढली आणि लावली.

तो रीतीप्रमाणे ऐकत राहिला. चकार शब्द नाही. आर्विल त्या चालीत एका जागी नेहमी घाई करायचा, तिथं यानं डोळे बारीक केले. संपल्यावर फिडल उचलून वाजवली. घाईसकट. करंगळी दूर ठेवून, तीन बोटांवर.

टेप पुढं चालूच होती. भांड्यांचा आवाज आला, कुणीतरी हसलं, आणि मग माझ्या आर्विलचा आवाज, जरा चिडका, जरा लाडातला. "डेल्फे, अगं झाकण काढ, उतू जातंय ते."

त्यानं मशीन थांबवलं, मागं नेलं, पुन्हा ऐकलं. ओठ हलले. पुन्हा मागं नेलं.

"डेल्फे," तो म्हणाला. जमलं नाही. 'फे' जरा जड पडला. त्यानं माझ्याकडे माफी मागितल्यासारखं बघितलं आणि परत ऐकलं.

"डेल्फे, अगं झाकण काढ, उतू जातंय ते."

शेगडीवर काहीच नव्हतं. तरी मी उठले, शेगडीपाशी जाऊन आले, आणि फळीवरची पुढची टेप काढून त्याच्यासमोर ठेवली.